पडद्यावरून न हटलेलं नाव

प्रक्षेपणाच्या धंद्यातल्या माझ्या भागीदाराने, दिलीपने, मला फसवलं. आज घोड्याच्या घामाचा वास आला आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला आमचा तो तंबू पुन्हा दिसला.

शर्यतीचं थेट प्रक्षेपण चालू होतं. पडद्यावर नावांची पट्टी टाकायचं काम माझं. पंचांजवळ उभा दिलीप हेडफोनवर ओरडला, "रामदासअप्पाना घोडा पहिला शे! टाक नाव, वाट काय देखस?" मी अप्पांचं नाव पहिलं म्हणून टाकलं. पंचांनी दुसराच घोडा जाहीर केला आणि नेमका लॅपटॉप अडकला. मी वेड्यासारखा कळ दाबत राहिलो, नाव हटेना. पडद्यावर म्हातारे अप्पा घोड्याच्या गळ्यात पडून रडत होते, खाली 'प्रथम'.

लोक तंबूत घुसले. दिलीप म्हणाला, "पट्टी यानीच टाकी!" मी त्याची कॉलर धरली. आज वाटतं, आधी अप्पांचे पाय धरायला हवे होते.

दिलीप, अप्पांच्या दारात येऊन सांग, हेडफोनवरचा तो आवाज कुणाचा होता?