नीलाआत्याच्या घरचं जेवण

क्रांती जर्मनीत ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पीएचडी करत होती, आणि नवऱ्याच्या, विपुलच्या, नोकरीमुळे राहत होती झिंडेलफिंगेनला. तिचा विषय होता, ख्रिस्ती लोक ज्यूंपासून वेगळे कसे झाले. सुरुवातीला सगळे एकाच घरातले. शनिवारी सिनेगॉगमध्ये जायचे, रविवारी येशूच्या नावाने भाकरी मोडायचे. मग बिशप आले, नियम आले, उपासाचे वारसुद्धा वेगळे ठरले. तरी कित्येक जण पुढे तीनशे वर्षं दोन्हीकडे जात राहिले आणि दोन्हीकडून बोलणी खात राहिले. क्रांतीचा जीव या मधल्या लोकांतच अडकला होता.

याचं कारण यवतमाळची नीलाआत्या. ती रोज बुद्धवंदना करायची, आणि सासूने मरताना हातात ठेवलेला देवीचा टाकही पुसून जपायची. क्रांतीचे वडील जगदीश विहाराचे सचिव. "ज्या देवाच्या पायरीला आपल्याला शिवू दिलं नाही, तो घरात कशाला?" असं म्हणून त्यांनी बहिणीच्या घरचं पाणी सोडलं, त्याला चोवीस वर्षं झाली.

फेब्रुवारीत आत्याचं दुखणं बळावलं. क्रांतीने फोनवर वडिलांना गळ घातली.

"बाबा, एकदा जेवून या तिच्याकडे. सारखी विचारते."

"टाक आहे अजून?"

"आहे."

"बुद्धपौर्णिमा होऊ दे. मग बघू."

आत्या एप्रिलमध्येच गेली. क्रांतीचा व्हिसा नुकताच संपला होता. आउसलेंडरबेहोर्डेने, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीने, नूतनीकरणासाठी भेटीची वेळ दिली होती तीन आठवड्यांनंतरची. त्याआधी देश सोडला तर परत येता येणार नव्हतं; जाणं शक्यच नव्हतं.

दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला.

"त्रिशरण मीच म्हटलं," ते म्हणाले. "पंचशील म्हणताना आवाजच फुटेना."

"आणि जेवलात?"

"तिच्या सुनेनं ताट वाढलं. बसलो गं. घास काही उतरला नाही."

मग जगदीशनीच विचारलं, "तुझे ते दोन्हीकडे जाणारे लोक... त्यांचं काय झालं शेवटी?"

"हळूहळू संपले, बाबा. त्यांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं उरलंय. बाकी कळतं ते त्यांना रागावणाऱ्यांच्याच लिखाणातून."

पलीकडे जगदीशना हुंदका आवरला नाही. बापाला रडताना तिने कधी ऐकलं नव्हतं. विपुल कामावरून आला तेव्हाही ती खिडकीशी तशीच उभी होती, फोन कानाला लावून.