श्वासबाईंचे यजमान नापास होतात

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या पुढे आणि बाथरूमच्या अलीकडे, एक लहान खोली होती. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि त्याच पाटीखालच्या बाकावर बसून लोक मोठमोठ्यानं गप्पा हाणायचे. आतल्या मशीनचा कारभार श्वासबाईंकडे होता. पद टेक्निशियनचं. पण चोवीस वर्षं ‘श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा’ एवढ्यावर पोट भरणाऱ्या बाईला दुसरं काय नाव पडणार?

काम दिसायला फुसकं. माणसाला खाटेवर आडवं करायचं, छातीला तीन चिकट्या लावायच्या, दहा मिनिटं गप्प पडू द्यायचं आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये किती वेळ जातो ते मोजायचं. चिकटी बसत नसेल तर त्या वस्तऱ्यानं छाती भादरायच्या आणि भादरताना कुणाचा हुद्दा बघायच्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाला वाटायचं, ठोके जितके सारख्या अंतरावर तितकं हृदय गुणी. बाई दिवसातून चारदा हा गैरसमज झाडून काढायच्या.

“सारखा टपकतो तो गळका नळ,” त्या म्हणायच्या. “धडधाकट काळीज श्वास घेताना जरा पळतं, सोडताना जरा रेंगाळतं. ठोके, घाम, पचन, हे सगळं आपल्याला न विचारता चालवणाऱ्या नसा असतात. काही म्हणतात पळ, काही म्हणतात थांब. त्यांची ओढाताण चालू आहे तोवर तुमचं बरं चाललंय. आता तोंड बंद.”

त्या वर्षी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी या ठोक्यांवरच अभ्यास काढला होता. आजाऱ्यांशी तुलनेसाठी त्यांना साठीच्या आसपासचे चाळीस निरोगी पुरुष हवे होते. एकोणचाळीस जमले आणि घोडं अडलं. एक आला तो रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन. दुसरा, दोन तास सिगारेट ओढायची नाही असं बजावलेलं असताना, बाथरूममध्ये झुरके मारून आला आणि वर ‘धूर कुठून येतोय?’ असं विचारू लागला.

“बाई, तुमच्या घरी कुणी नाही का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“यजमान आहेत की. त्यांना काय धाड भरलीय.”

यजमान म्हणजे बस डेपोचे निवृत्त टाइमकीपर. गाड्या आत कधी आल्या, बाहेर कधी गेल्या, हे लिहिण्यात हयात गेलेली. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही. जगबुडी आली तरी ते आधी किती वाजले ते बघतील. मागे स्वयंपाकघराचा पडदा पेटला, बाई बादल्या ओतत होत्या आणि हे दारात उभे राहून चप्पल शोधत होते. “तुमच्या काळजात काही हलतच नाही,” हे वाक्य बाईंनी एकतीस वर्षांच्या संसारात इतक्यांदा म्हटलं होतं, की आताशा त्या ते भांडी घासताना, कुणी समोर नसतानाही म्हणायच्या.

टाइमकीपर सकाळी वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर झाले. फॉर्मवर ‘आजार’ या शब्दापुढे ‘एकही नाही’ असं लिहून त्यांनी खाली रेघ मारली. तपासणीसाठी रक्त दिलं, शर्ट काढला आणि खाटेवर पडले. चौथ्या मिनिटाला घोरायला लागले. बाईंनी पायाला चिमटा काढून उठवलं.

“झोपायचं नाही. आता मी सांगते तसा श्वास घ्यायचा.”

“घरीपण तुझ्याच सांगण्यावर घेतो.”

पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. पडद्यावर ठोक्यांची रेघ श्वासाबरोबर वर चढायला आणि खाली उतरायला हवी होती. ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ गेली. बाईंनी चिकट्या बदलल्या. वायरी बदलल्या. मशीनच बिघडलं असणार म्हणून डॉक्टरीणबाईंना खाटेवर झोपवून बघितलं, तर त्यांची रेघ छान झोके घेत होती. टाइमकीपरांना परत झोपवलं. श्वास घेताना आणि सोडताना मिनिटाच्या ठोक्यांत पडायला हवा होता निदान दहाचा फरक. पडला तीनचा.

मग त्यांना उभं केलं. रक्तदाब एकशे बेचाळीसवरून एकशे आठवर आला आणि त्यांनी बाईंचा खांदा पकडला.

“खाट हलली,” ते म्हणाले.

“खाट भिंतीला ठोकलेली आहे. घरी होतं का असं?”

“आंघोळ करून उठताना कधीतरी. ते स्टूल डगमगतं.”

चार महिन्यांत घरात तीन स्टुलं बदलली होती. बाईंनीच ती बाजारातून आणली होती आणि दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या.

त्या बाहेर गेल्या आणि बाकावर गप्पा मारणाऱ्या चौघांना त्यांनी असं झापलं, की त्यातला एक तपासणी न करताच घरी गेला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. एकतीस वर्षं जे वाक्य तोंडाला आलं म्हणून फेकलं, ते आज मशीननं छापून हातात दिलं होतं, आणि आपलं खरं ठरल्याचा त्यांना जराही आनंद होत नव्हता.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर दोनशे नव्वद.

“काका, मधुमेह बरीच वर्षं असावा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यानं ठोके नि रक्तदाब चालवणाऱ्या नसा बधिर झाल्यात. नीट सांभाळलं तर आणखी बिघडणार नाही. पण अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही.”

“म्हणजे मला नापास केलं?”

“निरोगींच्या यादीतून वगळलं.”

“माझ्याआधी कुणाला वगळलं?”

“एकजण सिगारेट ओढून आला होता,” बाई म्हणाल्या.

“त्याच्या रांगेत बसवलंत मला.”

घरी आल्यावर टाइमकीपर पंख्याखाली बसले. बाई समोर चहा घेऊन आल्या. बिनसाखरेचा.

“तू म्हणत होतीस ते बरोबरच निघालं म्हणायचं,” ते म्हणाले.

“मी वेगळ्या अर्थानं म्हणत होते. याचा त्याच्याशी काही संबंध नाही.”

“तो पडदा पेटला होता ना, तेव्हा माझे पायच हलेनात. घाबरलो होतो. ते तुला दिसू नये म्हणून चप्पल शोधत होतो.”

बाईंनी कप खाली ठेवला. “एवढं सांगायला आठ वर्षं लागली?”

“तू बादल्या ओतत होतीस. विषय निघाला नाही.”

त्यावर भांडावं की हसावं हे बाईंना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

चाळिसावा माणूस म्हणून शेवटी दवाखान्याचा लिफ्टमन मिळाला. त्याची रेघ इतकी डौलात वरखाली गेली की डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. टाइमकीपरांना हे कळल्यावर ते मुद्दाम दवाखान्यात गेले आणि तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत चार फेऱ्या मारत त्याची उलटतपासणी घेतली. तो रोज सकाळी तासभर चालतो एवढंच हाती लागलं. दुसऱ्या दिवसापासून तेही त्याच्याबरोबर चालायला जाऊ लागले. लिफ्टमन बडबड्या, हे मुके, जोडी जमली.

आठ महिन्यांनी बाईंनी त्यांना पुन्हा खाटेवर झोपवलं. साखर आटोक्यात होती. ठोक्यांतला फरक आला चार.

“एक वाढला,” टाइमकीपर म्हणाले.

“एवढा फरक तर नुसत्या खोकल्यानंसुद्धा पडतो. वाढला असं मी लिहिणार नाही.”

“कमी झाला का?”

“नाही.”

“मग तेवढं लिही.”

आता ते झटक्यात उठत नाहीत. आधी कडेला बसतात, मनगटावरच्या घड्याळात एक मिनिट मोजतात, मग उभे राहतात. तळपायाच्या नसाही मंदावल्यात, टोचलेलं कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी पायाला जखम झालीय का ते बघायचं काम बाईंकडे आलं. नवऱ्याचे पाय धरायची वेळ आपल्यावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या चष्मा लावतात, दिव्याखाली एकेक बोट उलगडून बघतात आणि नखं वेळेवर का कापत नाही म्हणून बोलत राहतात. टाइमकीपर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतात आणि दुसरा पाय आपणहून पुढे करतात.