भाऊचा रिफ्लेक्टर आणि आबांचं कुंकू

बोटभर कुंकवाने माझा भाऊ जन्मभर जळगावात अडकला.

हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. आबा, म्हणजे आमचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊला जाऊन आज वर्ष झालं. आता ज्याचं मन दुखावेल असं कुणी उरलं नाही.

नव्वदच्या दशकात भाऊ पुण्याला एका मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर होता. चोपड्याच्या नातेवाइकांना हे समजावणं म्हणजे डोकेफोड.

"बनवतो काय पण?"
"आरसे."
"मग जळगावात आरसे मिळत नाहीत का?"

साधे आरसे नव्हते हो ते. लिंबाएवढा स्टीलचा गोळा, आणि त्यात खोलीच्या कोपऱ्यासारखे काटकोनात बसवलेले तीन आरसे. लेझर कुठूनही टाका, आला त्याच दिशेने परत जातो. गोळा एखाद्या अवाढव्य पार्टला टेकवायचा, आणि लांब ठेवलेलं मशीन सांगतं की ही जागा किती दूर, किती वर, किती बाजूला.

अट एकच. तिन्ही आरसे मिळतात तो कोपरा गोळ्याच्या बरोब्बर मध्यावर हवा. केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकला तरी माप खोटं.

मला त्याने पहिल्यांदा तो गोळा दिला तेव्हा म्हणाला, "आत बघ." मध्यभागी माझाच डोळा. गोळा फिरवला, मान हलवली, तरी डोळा तिथेच.

"यातून सुटका नाही, सुमे," म्हणून हसला होता.

मग आबांना लकवा झाला. भाऊ 'दोन महिन्यांसाठी' जळगावला आला. आमचं लेथचं वर्कशॉप होतं, डाळमिलची कामं यायची. दोन महिन्यांची कित्येक वर्षं झाली.

मागच्या खोलीत त्याने स्वतःचं टेबल मांडलं, तसाच गोळा एकट्याने बनवायला. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. काच वेगळी फुगते, स्टील वेगळं. शेजारची मिल सुरू झाली की टेबल थरथरायचं. म्हणून आरसे चिकटवायचं काम फक्त थंडीत, मिल बंद असेल त्या दिवशी.

"कंटाळा नाही येत?" मी विचारायचे.
"इथला येतो. म्हणून तर हे करतो."

शेवटी पुण्याहून त्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला. परदेशी रिफ्लेक्टर, म्हणजे हेच गोळे, परवडत नाहीत, तुझं सॅम्पल पास झालं तर तुझी जागा तुला परत. दसरा झाला की माणूस पाठवतो.

आबा तोवर काठी घेऊन चालायला लागले होते. चुलतभाऊ वर्कशॉप बघायला तयार होता. भाऊने माळ्यावरची बॅग काढून झटकली, तेव्हा तो शीळ घालत होता. मी ती शीळ विसरलेले नाही.

या आरशांची चकाकी काचेच्या मागे नसते, पुढे असते. बोट लावलं की संपलं. आम्हा सगळ्यांना त्याने तसा दम दिला होता. आबांना कुणी सांगितलंच नाही, कारण त्या खोलीत ते कधी पाऊल टाकायचे नाहीत. पोरखेळ म्हणायचे त्या कामाला.

खंडेनवमीचा दिवस. लेथ, ड्रिल, पाने, हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू. मी आणि भाऊ नारळ घेऊन आलो तर आबा मागच्या खोलीत.

डाव्या हाताने कुंकू लावत नाहीत. म्हणून आबांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलला होता, बोट ओल्या कुंकवात बुडवून सॅम्पलच्या गोळ्यातल्या आरशाला टेकवलं होतं. त्या हाताला जोराचा अंदाज नव्हता. बोट खालपर्यंत ओढलं गेलं होतं. वर झेंडूचं फूल.

"तुना यंत्रनी बी पूजा करी," आबा म्हणाले. "आते जाय पुण्याले. मनी काळजी नको करू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जा म्हटलं होतं.

भाऊ वाकून पाया पडला.

"बरं करं, आबा."

स्पिरिट आणि कापसाने त्याने किती हलक्या हाताने पुसलं. कुंकवाबरोबर चकाकीही निघून आली. आणि एक आरसा जागचा हलला होता. पुन्हा करायचं तर मुंबईहून चकाकीचं कोटिंग, मग थंडीची वाट. माणूस आला, रिकाम्या हाताने गेला, आणि जागा दुसऱ्याला मिळाली.

"आबांना सांग की खरं!" मी चिडून म्हटलं. त्याने मला शपथ घातली.

आबांनी विचारलंच. "का बरं गया नही?"

"तुमले सोडीसन कथा जाऊ?"

झालं. 'सोडून कुठे जाऊ', हे वाक्य बोलून भाऊ कायमचा अडकला. पुढे कुठून बोलावणं आलं तरी त्याला हलता येईना, कारण आबा येईल त्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे, "मना पोऱ्यानी माले सोडं नही." भाऊ लेथवर मान खाली घालून उभा. मला ओरडावंसं वाटायचं. अजूनही वाटतं.

दर खंडेनवमीला आबा विचारायचे, "तुनं यंत्र कोठे शे?"

भाऊ गोळा आणायचा आणि उलटा धरायचा, म्हणजे कुंकू नुसत्या स्टीलवर लागेल. वाया गेलेला गोळा, तरी जपायचा वेडा.

काल वहिनीने तो माझ्या हातात दिला. खिडकीशी नेऊन आत पाहिलं. मध्यभागी माझा डोळा, आणि त्याच्यावरून गेलेली आबांच्या बोटाची रेघ. गोळा फिरवला. मान हलवली. डोळा तिथेच.

इतकी वर्षं तू रोज हेच बघत होतास ना रे?

भाऊ, आते जाय.
आबानी, मनी, कोनीच काळजी नको करू.