पलंगाखालचा माणूस

आमच्या भिशीत जिचं नाव निघेल तिनं सगळ्यांना पिक्चर दाखवायचा आणि निवडही तिचीच, असा रिवाज आहे. या वेळी शहागंजात बांगड्यांचं दुकान असलेल्या आपांचं नाव निघालं. पडद्यावर होस्टेलमधली एक पोरगी निवांत केस विंचरत होती आणि तिच्या पलंगाखाली माणूस लपला होता. माझी लेक नुकतीच पुण्याला होस्टेलवर राहायला गेली होती. मी उठून बाहेर आले.

आपा मागोमाग आल्या. "घरात साप निघाला तर झाडूनं हाकलतीस, आन् इथं घाबरलीस व्हय? सब झूठ है गं!"

"ठाऊक आहे," म्हणत मी लेकीला फोन लावला.

"आई, क्लासला चाललेय. पटकन बोल."

काय बोलणार? पलंगाखाली बघत जा म्हटलं असतं तर ती हसली असती आणि बघितलंही नसतं.

"जेवलीस का?"

"हो गं," म्हणून तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात आतून आमच्या सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. आपा धावत आत गेल्या. मला आतही जाववेना आणि घरीही.