बिशान स्टेशनवर हरवलेल्या सासूबाई

सिंगापूरच्या एमआरटी मेट्रोत मी माझ्या सासूबाई हरवल्या.

त्या साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेल्या. रविवारी त्यांना समुद्र दाखवायला हार्बरफ्रंटला न्यायचं ठरलं. बिशान स्टेशनवर मी भाषणच ठोकलं, "आई, इथे लहान मूलसुद्धा हरवत नाही! नुसतं माझ्या मागोमाग या!" आणि ऐटीत गाडीत शिरलो. वळून बघतो तर दार बंद. आई काचेपलीकडे!

त्यांच्याकडे इथलं सिमकार्डही नव्हतं. मी जिवाच्या आकांताने हातवारे केले. (अर्थ होता, 'तिथेच थांबा!' शेजारच्या बाईंनी मात्र आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं.)

पुढच्या स्टेशनला उतरलो, उलटी गाडी पकडली, बिशानला आलो. प्लॅटफॉर्मवर आई नाहीत! अर्धा तास सगळं स्टेशन पालथं घातलं. धावत काउंटर गाठलं.

"माझ्या सासूबाई हरवल्या!"

"रिलॅक्स लाह, अंकल," तिथली मुलगी खास सिंगापुरी ढंगात म्हणाली. "त्यांचं नाव?"

मी तोंड उघडलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना आईच म्हणतोय! सुमन? सुमती? की कुसुम?

"आई," मी पुटपुटलो.

"स्पेलिंग?"

शेवटी बायकोला फोन लावला. "मृणाल, सहज विचारतोय... तुझ्या आईचं नाव काय गं?"

ती किंचाळलीच, "आई कुठे आहे?"

"इथेच! म्हणजे... सिंगापुरातच!"

तेवढ्यात काउंटरवरचा वॉकीटॉकी खरखरला. हार्बरफ्रंटहून निरोप होता. एका आंटींचा जावई बिशानला हरवलाय. त्या मागच्या गाडीने ठरल्या ठिकाणी पोचल्या, हा मात्र पोचलाच नाही! माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बिनचूक. वर्णन: टक्कल, घामाघूम, साधा प्रश्न विचारला तरी गोंधळतो.

मुलीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "सापडला," तिने कळवलं.

पलीकडून खणखणीत आवाज आला, "डोन्ट लेट हिम मूव्ह! आय ॲम कमिंग!"

मी मुकाट्याने बाकावर बसलो. आणि काय सांगू, त्या जिन्यावरून येताना दिसल्या मात्र, आणि पन्नाशीला टेकलेला मी भर स्टेशनात "आईऽऽ!" करत धावत सुटलो. टाळ्या पडल्या हो!