काकाचं झटका मशीन आणि आभाळातला वारा

चूक काकाची. भानुदास काका, माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्याकडं मोठ्यांच्या चुका पोरांच्या नावावर खपतात.

आता कुठून सुरू करू? मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. तेव्हाच एका संस्थेनं दौलताबादजवळचं काकाचं रान भाड्यानं घेतलं, तारेचं कुंपण घातलं आणि आत रडारच्या अँटेना उभ्या केल्या. काकाच्या वशिल्यानं मी तिथं देखरेखीला लागलो.

कॉलेजात कुणी असलं काही दाखवलं असतं तर सोडलंच नसतं. विमानाच्याही कितीतरी वर, धुळीएवढ्या उल्का सतत जळत असतात. मागं रेघ राहते. वारा ती रेघ ढकलतो, ती किती सरकली ते रडार पकडतं. झाला वारा मोजून. सूर्यावर वादळ उठलं की उपग्रहांचं, मोबाइलच्या लोकेशनचं काय होणार, हे कळायला हा वारा लागतो.

शेजारीच काकाचा मका.

"डुकरांनी लई नास केला," काका म्हणाला. "शहागंजच्या बाजारातून झटका मशीन आणलंय, तारेला शिवलं की डुकराला करंट. जोडून दे. तीन बाजूंनी तार ओढलीय, चौथ्या बाजूला हे कुंपण हायच."

"ते संस्थेचं आहे, काका."

"रान कुणाचं?"

"तुमचं."

"मग? त्यांचं रडार बघतं वर. डुक्कर येतं खालून."

मला पटलं. शिकलेला मी!

काका मशीन संध्याकाळी लावायचा, सकाळी बंद करायचा. मी दिवस मावळायच्या आत घरी. आणि रोज सकाळी स्क्रीनवर रात्रभराच्या उभ्या रेघा, नाडीच्या ठोक्यासारख्या. दिवसा एक नाही. सूर्य बुडाला की वर हे काय ठोके देतंय? मला जेवण सुचेना. संस्थेत रडारचं काम बघणाऱ्या पुण्याच्या मॅडमना फोन लावला.

"जवळपास ठिणगी उडेल असं काही आहे? मोटर, वेल्डिंग?"

"काहीच नाही, मॅडम. हे वरूनच येतंय."

खोटं नव्हतो बोलत. कुंपण हे काय यंत्र असतं का?

"येऊन बघते. खरं निघालं तर तुला कायम करायचं मी बोलते."

बापाला सांगितलं. तो म्हणाला, "कालेज सोडलेलं पोरगं शोध लावणार व्हय?"

"या बघायला," म्हटलं.

मॅडम आणि बाप, दोघं आले, दिवस मावळताना. मॅडमनी फाटकाला हात लावला आणि किंचाळून मागं उडाल्या. मग मनगट चोळत लॅपटॉप उघडला. मशीन टक करायचं, स्क्रीनवर रेघ यायची. टक, रेघ. टक, रेघ.

"हे कुणी जोडलं?"

मक्यातून काका कौतुकानं ओरडला, "आमच्या पोरानं, मॅडम. लई हुशार हाय."

बाप आभाळाकडं बघत उभा.

त्याच आठवड्यात सूर्यावर खरंच वादळ उठलं होतं. आमच्या रडारकडं त्या रात्रींची नोंद आहे ती काकाच्या मशीनची.

काकाचं भाडं चालू आहे. माझी नोकरी गेली.