चढण्याआधीची हाक

भिजत घातलेल्या झावळ्यांना एक वास येतो, चिखलाचा, ओल्या सुपारीचा आणि किंचित आंबलेला... अशाच झावळ्यांचे विणलेले झाप आमच्या वाडीतल्या विहिरीभोवती आडोशाला उभे असत, आणि त्यांच्या हिरव्या-पिवळ्या सावलीत, दुपारी सगळं घर कलंडलेलं असताना, माझी काकू एकटीच बोलत बसलेली असे.

काका मुंबईला गोदीत कामाला होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाचं निमित्त होऊन गेले. मागे राहिलेली काकू घरातल्या सगळ्यांची होऊन गेली. पहाटे चूल, मग गोठा, मग आमच्या वेण्या, संध्याकाळी सुपाऱ्या सोलणं — तिच्या लुगड्याला धुराचा आणि आमसुलांचा वास येई, आणि त्या दुपारच्या विहिरीखेरीज दिवसभरात तिचं असं काही तिच्या वाट्याला येत नसे. तिथे ती कोणाशी बोलते — देवाशी, गेलेल्या आईशी, की स्वतःशीच — हे आम्ही कधी विचारलं नाही. तसा नियम कोणी घालून दिला नव्हता. पण पाण्याला जाणारा माणूस वाटेतच खाकरे, कळशी वाजवी, आणि आतली कुजबुज थांबली की मगच झाप बाजूला सारी. काकूही रहाटाला हात घालत, जणू काही झालंच नाही अशी, 'ये गो, ओतते पाणी' म्हणे.

नारळ पाडायला येणारा गणू पाडेलीसुद्धा हे जाणून होता. माडाच्या शेंड्यावरून अख्खी आळी उघडी पडते — कोणाच्या न्हाणीला छप्पर नाही, कोण परसात डोळे पुसतंय, कोणाचं घरात बिनसलंय. म्हणून चढण्याआधी बुंध्याशी उभं राहून हाक द्यायची, ही आमच्याकडची रीत. ती लांबलचक हाक वाडीवाडीतून घुमत जाई, बायका पदर सावरत, आणि कोणी थांब म्हटलं तर कोयती कमरेला तशीच ठेवून गणू खाली विडी ओढत बसे. शेजाऱ्यांनी फणस कुठे दडवलेत रे, असं आईने एकदा गमतीत विचारलं, तर म्हणाला, "वर गेलो का मना नारलच दिसतान, वैनी."

मग ते वादळ आलं... एका दिवसात माड आडवे, पोफळी आडव्या, झाप कुठल्या कुठे. पुढे किनाऱ्याच्या रस्त्यावर सरकारी खांब उभा राहिला, त्यावर एक काळा गोल डोळा. किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी, असं सांगितलं गेलं. त्याला कोणाची ना असणार? पण त्या डोळ्यापुढे समुद्र जेवढा होता तेवढीच आमची उघडी पडलेली विहीरही होती. मी पनवेलला, घरी भाऊ आणि वहिनी. खांब कुठवर पाहतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. काकूला तर तो रस्त्याचा दिवा वाटला. पेटत कसा नाही, वायरमनला सांगा, म्हणून ती भावाच्या मागे लागली होती, आणि त्याच्याच नजरेखाली रोज दुपारी बोलत बसत होती.

मे महिन्यात मी माहेरी आले होते, तेव्हा चौकीवरचा हवालदार पडवीत येऊन बसला. भला माणूस. वहिनीने दिलेलं कोकम सरबत घेतलं, यंदाच्या आंब्याची चौकशी केली, आणि काकूच्या समोरच, अगदी आपुलकीने म्हणाला, "आजी रोज दुपारी विहिरीवर एकट्याच बोलत बसतात. आम्हाला स्क्रीनवर दिसतं ना. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

इतक्या वर्षांत जे घरातल्या, शेजारच्या, माडावरच्या कोणाच्याही तोंडून निघालं नव्हतं, ते असं सरबताच्या दोन घोटांमध्ये सांडलं. काकू उठून आत गेली. कॅमेरा जरा वळवा, म्हटलं मी. तो हसला, वरून हुकूम असतो, जिल्ह्यालाही हेच दिसतं, म्हणाला. आणि मग हल्ली सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं ते वाक्य — ज्याचं काही वाकडं नाही, ताई, त्याला कसली भीती?

मला संताप आला, अजूनही येतो. काकूचं वाकडं काय असणार? घरपट्टी वेळेवर, मतदान न चुकता, दुसऱ्याच्या वाडीत पडलेली सुपारीही तिने कधी उचलली नाही. तिने काही लपवलंही नव्हतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतंच. पण माहीत असून न पाहिल्यासारखं करणं, एवढी तरी माया माणसं एकमेकांना देत आली होती. या खांबाने हाक दिली नाही, थांब म्हणायची सोय ठेवली नाही. सरळ वागणाऱ्यालासुद्धा आपलं मन उघडायला एक आडोसा लागतो, हे मी त्या हवालदाराला कुठल्या शब्दांत सांगणार होते?

संध्याकाळी काकू माजघरात तांदूळ निवडत बसली होती. हळूच म्हणाली, "त्यांना ऐकू पण जातं काय गो?"

नाही काकू, नुसतं दिसतं, मी म्हटलं. ती तांदळात बोटं फिरवत राहिली... आजवर आपण काय काय बोललो ते एकेक आठवून पाहत असावी.

"सरकारबद्दल मी कधी काही बोलले नाही," ती म्हणाली. "ह्यांच्याशीच बोलायचे. ते चालतं ना?"

चालतं, म्हटलं मी.

आता दुपारी ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि आम्ही ती झोपली आहे असं धरून चालतो.